हाकेची चाल

या, असे जवळ सरका. दाराशी बसू नका, लडलो स्ट्रीटचा सगळा गारठा त्याच फटीतून आत येतो. इथे शेगडीपाशी या. संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून अवकाश आहे आणि मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट गाण्याची आहे, पण सांगणारा गवई नाही. मी फायवल, या प्रार्थनाघराचा सेवेकरी. बाकं पुसायची, दिवे लावायचे, फाटकी पुस्तकं चिकटवायची, एवढंच माझं काम. आयुष्यात चैन एकच केली, ती म्हणजे गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकली. कुणाचा जीव खाण्यात असतो, कुणाचा पत्त्यांत, माझा प्रवचनात. माझी बायको त्सिपे शेजारणींना सांगायची, "आमचे हे गेले तर रडत बसू नका. कुणीतरी प्रवचनाचा सूर लावा, उठून बसतील."

आमचं वोर्निशोक गाव लिथुआनियातलं, नदीकाठचं, ज्यू वस्तीचं. आणि आमचे मगीद होते रेब नोसन. रेब हे आम्ही नावाआधी मानाने लावतो. मगीद म्हणजे गावोगाव पायी जाऊन प्रवचन सांगणारा माणूस. असे पुष्कळ येत. कुणी नरकाचं वर्णन करून बायकांना रडवी, कुणी विनोद सांगून वेळ काढी. रेब नोसनचं तसं नव्हतं. ते उभे राहत तेव्हा नुसतं बोलत, शेजारच्याशी बोलावं इतक्या हळू. मग वचन येई, वचनावर दृष्टान्त येई, आणि बोलता बोलता त्यांच्या आवाजाखाली सूर कधी शिरला ते आपल्याला कळतही नसे. तासाभराने भानावर यावं तर हा माणूस केव्हाचा गातो आहे आणि आपला सदरा ओला झालेला आहे.

शेवटचा दृष्टान्त ठरलेला. बाप आणि लेकरू नदीकाठाने चाललेत. धुकं उतरतं, हात सुटतो. आता बापाने धावायचं नाही. धावला तर दोघंही हरवतील. त्याने एका जागी पाय रोवून हाक मारत राहायचं, घसा फुटला तरी. कारण हाक थांबली की लेकराला दिशा उरत नाही. इथे रेब नोसन गप्प होत. मग डोळे मिटून ते हाक मारत: "बाळा, बाळा, कुठवर गेलास?" तीन पायऱ्या वर चढणारी, एक पायरी खाली येणारी अशी ती चाल. शेवटचा स्वर ते अधांतरी सोडत, त्याला घरी आणत नसत. मी एकदा धीर करून कारण विचारलं. म्हणाले, "देव अजून हाक मारतोय रे फायवल. मी कसा संपवू?"

गेत्झल त्यांच्याबरोबर फिरायचा. आईबाप पटकीत गेलेले, वय सतरा, गळा मधासारखा. रेब नोसन दमले की हा खालून सूर धरून ठेवी. तीन वर्षं दोघं एका पोत्यातली भाकरी खात हिंडले. मग झारच्या फौजेचं बोलावणं आलं आणि गेत्झलने अमेरिकेची वाट धरली. त्याच जहाजाने मीही. निघताना रेब नोसन गाडीपर्यंत आले. गेत्झलच्या कोटाची कॉलर सारखी करत म्हणाले, "पोटासाठी गावं लागेल तिथे तुला. गा, लाजू नकोस. पण पोटासाठी गाशील तेव्हा पोटाचंच गा."

गेत्झलने ते बरीच वर्षं पाळलं, हे मला आधीच सांगू द्या.

इथे आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने बायकांच्या कोटांना इस्त्री केली. वाफेत उभं राहून गुणगुणायचा. मग लग्नांत गाऊ लागला, मग रिव्हिंग्टन स्ट्रीटवरच्या एका खाणावळीत वाढता वाढता गाणारा वेटर झाला. एका हातात हेरिंग माशाच्या बशा, तोंडात गाणं. तिथून त्याला शहराच्या वरच्या भागातल्या गाणी छापणाऱ्यांनी उचललं. गेत्झल बार्झोव्स्कीचा जॉर्ज बार झाला. त्याला स्वरलिपीचं एक अक्षर येत नव्हतं. तो गुणगुणायचा आणि विझलेला चिरूट चावत बसलेला एक बोहेमियन पियानोवाला ते कागदावर उतरवायचा. नियम एकच: पालुपद एकदा ऐकून दुसऱ्यांदा लोकांना म्हणता आलं पाहिजे. आणि सगळं तीन मिनिटांत बसलं पाहिजे, कारण ग्रामोफोनची तबकडी तेवढीच. "रेब फायवल," तो मला म्हणे, "अमेरिकेत दुःखालासुद्धा तीनच मिनिटं मिळतात. पण दुःख दिवसातून वीसदा वाजवता येतं."

आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या आईवर त्याने एक गाणं केलं. आयरिश पोलीस ऐकून नाक पुसत. आयर्लंड त्याने नकाशावरही पाहिलं नव्हतं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर केलं, कुठल्याशा तळ्यातल्या चांदण्यावर केलं.

"गेत्झल, सगळ्या जगाच्या घरांसाठी रडतोस," त्सिपे त्याला सूप वाढता वाढता म्हणाली, "वोर्निशोकसाठी कधी रडणार?"

"वोर्निशोकसाठी रडायला तबकडी कोण घेईल, त्सिपे? तुम्ही दोघं? तुमच्याकडे तर यंत्रही नाही."

"मग तू ये आणि फुकट रड."

तो हसला. पण मला ठाऊक आहे, वोर्निशोकला तो हात लावत नव्हता तो आदराने. कुलूपबंद कपाटासारखं त्याने ते ठेवलं होतं.

मग आपल्या भाषेतल्या विनोदी गाण्यांच्या तबकड्यांचे दिवस आले. खाटकापासून न्हाव्यापर्यंत ज्याच्या त्याच्या घरी कर्णा बसला. एका मंगळवारी गेत्झल म्हणाला, "चला रेब फायवल, गाणं मेणात कसं रुततं ते दाखवतो." मी गेलो. खोलीत उकाडा, मेण मऊ राहावं म्हणून तापवून ठेवलेलं. वाजवणारे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटीने बसलेले, आणि ज्यात तोंड घालून गायचं तो भिंतीतून बाहेर आलेला मोठा थोरला कर्णा. गाणार होती शेवा ग्लुकमन, दिसायला शेगडीएवढी आणि आवाजाने कोंबड्यासारखी खडी. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूचं गाणं काढलं तर वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी बोललं की हेच गाणं दुसऱ्या एका कंपनीने गेल्या आठवड्यात बाजारात आणलंय.

कंपनीचा माणूस घड्याळाकडे पाहू लागला. "बार, दुसऱ्या बाजूला काय? मेण थंड होतंय."

"सुचतंय, सुचतंय."

"मला पाचला नाटकात उभं राहायचंय," शेवा म्हणाली. "सुचलं तर सांगा, नाहीतर मी दुसऱ्या बाजूला घोरते. तेही खपेल."

गेत्झल खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर एक बाई पाचव्या मजल्यावरून नवऱ्याला ओरडत होती. तो बेटा पत्ते टाकून उठत नव्हता. गेत्झलची बोटं चौकटीवर ठेका धरू लागली. मग तो गुणगुणायला लागला, आणि तिसऱ्या स्वराला मी ओळखलं.

तीन पायऱ्या वर, एक खाली. फक्त पळती लय, पोल्का नाचतात तशी, आणि शेवटचा स्वर धपकन घरी आणून आपटलेला. वर शब्द: "मेंडल, मेंडल, वर ये, सूप निवतंय!"

वाजवणारे हसायला लागले. शेवा तर कमरेवर हात ठेवून लगेच म्हणू लागली. आणि आता खरं सांगतो, शेगडीपुढे खोटं बोलवत नाही. मीसुद्धा हसलो. पोट धरून हसलो. मग घसा खाकरून म्हणालो, "गेत्झल, ही तर त्यांची..."

"चालीला कुठे भाविकाची टोपी असते, रेब फायवल?" तो घाईत होता, डोळे चमकत होते. "आपले साधुसंत रानात धनगराची बासरी ऐकायचे आणि ती चाल उचलून देवाच्या दारी न्यायचे. कुणी धनगराला विचारलं? तिकडच्या शंभर चाली वर गेल्या, एक खाली आली. फिट्टंफाट!"

मला ते पटलं, कारण ही समजूत आम्हा सगळ्यांचीच होती. शब्द पवित्र, चाल कुणाचीही. लेकुरवाळ्या बाईच्या अंगाईवर आमच्याकडे स्तोत्रं म्हणतात, दारूच्या गुत्त्यातल्या ठेक्यावर शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याची गाणी. वर चढवता येतं तसं खालीही उतरवता येईल आणि चालीला काही होणार नाही, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

ते गाणं वणव्यासारखं पसरलं. खिडक्याखिडक्यांतून वाजायचं. लोणची विकणारा त्याच चालीवर लोणची विकायचा. पोरं शाळेतून येताना ओरडायची. दोन वर्षं गेली आणि ते गाणं इतकं शेवाचं, इतकं रस्त्याचं झालं की ते कुठून आलं हे आम्ही दोघं विसरून गेलो. तुम्ही म्हणाल, विसरलात कसे? विसरलो, एवढंच सांगू शकतो. तव्यावरच्या माशाकडे बघून कुणाला नदी आठवते?

मग पत्र आलं की वोर्निशोकला आग लागली, अर्धं गाव गेलं, रेब नोसन लोकांच्या ओसरीवर निजतात. आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, त्यांना इकडे आणायचं. देवाकडे परतण्याच्या शब्बाथला, नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा दिवस यांच्या मधल्या त्या मोठ्या शब्बाथला, त्यांचं प्रवचन आपल्या या जागेत व्हायचं. सगळ्यांत जास्त धावला गेत्झल. जहाजाचं तिकीट त्याने पाठवलं, काळा लांब कोट शिवून घेतला, बटणंही स्वतः निवडली. "बापाला आणतोय," असं न्हाव्याला सांगत सुटला.

धक्क्यावर त्याने त्यांच्या हातावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. रेब नोसन लहानखुरे झाले होते, पण आवाज तोच. "अरे, उंच झालास की मी खचलो?" असं म्हणत त्यांनी त्याचे गाल थोपटले. आम्ही चालत निघालो. ऑर्चर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर खाटकाच्या दुकानात कर्णा वाजत होता.

रेब नोसन थबकले. "थांबा रे. काहीतरी ओळखीचं वाजतंय."

"इथे सगळंच ओळखीचं वाटतं पहिल्या दिवशी!" गेत्झल इतक्या मोठ्याने बोलला की खाटीक बाहेर आला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्या क्षणी त्याला आठवलं, आणि त्याच्याकडे पाहून मलाही.

गुरुवारी तो माझ्याकडे आला. मी पितळेचे दिवे घासत होतो.

"रेब फायवल, शनिवारी ते ती चाल म्हणतील?"

"त्यांच्या प्रवचनाला दुसरा शेवट आहे का?"

"मग त्यांना सांगा. दुसरी चाल घ्या म्हणावं."

"मी सांगू? काय सांगू? चाल तू आणलीस, तू सांग."

"त्यांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ वळत नाही. तुम्ही वयाने मोठे, तुमच्या घरी राहतात ते..."

"गेत्झल, हे देवाचं घर आहे. इथे कोण हसणार आहे?"

मी असं म्हणालो. तुम्हाला सांगतो, त्यात थोडा विश्वास होता आणि पुष्कळ लोभ होता. बारा वर्षांनी मला ती हाक ऐकायची होती. ते दुसरी काही चाल घेते तर माझी मेजवानी हुकली असती. तो गेला, मी दिवे घासत राहिलो, आणि रेब नोसनना कुणीच काही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी उभं राहायला जागा नव्हती. वरच्या सज्जात बायका, जिन्यावर पोरं, मागच्या भिंतीशी शिवणकामगार तरुणांची रांग. रेब नोसन उभे राहिले, नव्या कोटात. तेच हळू बोलणं. पहिली दहा मिनिटं मागून कुजबुज होती, मग तीही विरली. तासाभराने मागच्या रांगेतले ते तरुण, जे एरवी देवाचं नाव थट्टेने घेत, टोप्या पुढे ओढून डोळे लपवत होते. मला वाटलं, पाहिलंस गेत्झल? देवाचं घर आहे. धुकं उतरलं. हात सुटला. रेब नोसन गप्प झाले, डोळे मिटले आणि त्यांनी हाक मारली.

सज्जातून एक बाई फस्सकन हसली.

तिने तोंडावर रुमाल धरला असावा, पण हसू दाबलं की वाढतं. शेजारणीला लागलं, तिथून जिन्यावर उतरलं. वाईट मनाने कुणी हसलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. डोळ्यांत पाणी तसंच होतं आणि लोक हसत होते. थांबवता येत नव्हतं. रेब नोसननी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मागची रांग खालच्या आवाजात बरोबर गुणगुणू लागली.

आणि आता जे सांगतो ते मला रोज दिसतं. रेब नोसनचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, लोक साथ देताहेत. इतक्या वर्षांनी, समुद्रापलीकडे, कुणी शिकवलेली नसताना या लोकांना हाक पाठ आहे! त्यांनी हात पसरले, मान वर केली आणि तिसऱ्यांदा, आयुष्यात कधी लावला नव्हता इतका वरचा सूर लावला. जिन्यावरच्या पोरांनी एका दमात उत्तर दिलं: "सूप निवतंय!"

मग सगळं घरच हसण्याने फुटलं.

रेब नोसननी हात खाली घेतले. थोडा वेळ ते ऐकत उभे राहिले, परक्या गावात वाट विचारल्यावर उत्तर न समजलेल्या माणसासारखे. समारोपाचं वचन न म्हणताच ते खाली उतरले आणि माझ्यापाशी आले.

"फायवल, सूप कसलं?"

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं.

"कुणी केलं?"

माणसं वाट देत बाजूला झाली होती आणि भिंतीशी गेत्झल उभा होता, कोटाचं बटण पिळत. रेब नोसननी त्याच्याकडे पाहिलं आणि ते तोंड धुवायला गेले.

प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या सकाळी आमच्यात ज्याचा अपराध केला त्याच्या दारी जाऊन माफी मागावी लागते. देव स्वतःपुरतं माफ करतो, माणसाचं माणसाने करायचं. नकार मिळाला तर पुन्हा जायचं, तीनदा जायचं. गेत्झल आमच्या स्वयंपाकघरात आला. रेब नोसन चहा पीत होते, दातांत साखरेचा खडा धरून.

"मला माफ करा."

"केलं," रेब नोसन म्हणाले. "बस. त्सिपे, याला मधाची पोळी दे."

गेत्झल उभाच. "असं नको. आधी रागवा. नाही म्हणा. मी उद्या येतो, परवा येतो."

"उद्या उपास आहे, परवा मला झोपायचंय. माफ केलं म्हटलं ना! चाल माझी कुठे होती? माझ्या गुरूंची. त्यांना कुणाकडून मिळाली कोण जाणे."

"मग पुढच्या शनिवारी प्रवचन सांगाल?"

रेब नोसननी खडा चहात टाकला. "मी तुला माफ केलं, बाळा. घशाला अजून कळलेलं नाही."

गेत्झल जिन्यात बसून मला म्हणाला, "तीनदा हाकललं असतं तर मी सुटलो असतो."

त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला: ती चाल त्यांना परत द्यायची. आणि देणार कशी? त्याला जे एक येत होतं त्यानेच. रेब नोसनच्या हाकेची तबकडी काढायची, खऱ्या लयीत, त्यांच्या आवाजात. ती घरोघरी वाजली की मेंडलचं सूप लोक विसरतील. रेब नोसन दोन महिने नाही म्हणत राहिले. शेवटी त्याचं सुकलेलं तोंड बघून उठले. "तुझा जीव त्यात अडकलाय तर चल. मला कोट दे."

तीच खोली, तोच कर्णा. मी बरोबर होतो. आधी घोटाळा झाला तो डोलण्याचा. मगीद डोलल्याशिवाय बोलू शकत नाही, आणि डोललं की आवाज कर्ण्यातून निसटतो. मग गेत्झलने मागून त्यांचे खांदे धरले. गाणाऱ्याला खालच्या सुराला कर्ण्याकडे पुढे ढकलायचं, वरच्या सुराला मागे ओढायचं, तिथे तशीच रीत होती. त्यांना त्याने इतकं हळुवार धरलं होतं, जसं तापलेलं लेकरू धरावं.

"कुणाशी बोलायचं?" रेब नोसननी विचारलं.

"या कर्ण्याशी."

"आत कुणी वाट चुकलेला आहे का?"

"पुष्कळ आहेत, रेब नोसन," गेत्झल म्हणाला. "तबकडी घेणारे सगळे."

पहिल्या वेळी ते रीतीप्रमाणे आरंभापासून निघाले. वचन अर्ध्यावर होतं तेव्हा मेण संपलं. "हाकच म्हणा," कंपनीचा माणूस म्हणाला. "सरळ हाक."

"धुक्यात शिरल्याशिवाय हाक कशी मारू?"

"प्रयत्न करा," गेत्झलने कानाशी विनवलं. "माझ्यासाठी."

दुसरं मेण फिरू लागलं. रेब नोसननी डोळे मिटले. गप्प राहिले, मेणावर ती गप्पही उतरत असेल. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पळती लय बाहेर आली. पोल्काची. अडीच महिने रस्त्यातून, भिंतीतून, जिन्यातून, सकाळ-संध्याकाळ ती त्यांच्या कानांत भरत होती. शब्द त्यांचेच होते: बाळा, बाळा. पण पाय मेंडलचे. ते थांबले. पुन्हा धरलं, हळू केलं. हळू केलं तर नुसतंच रेंगाळलं, आणि शेवटचा स्वर धपकन घरी येऊन बसला. क्लॅरिनेटवाल्याने खाली पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी हाताने हवेत पायऱ्या दाखवत शोधलं, म्हातारा माणूस खिशात चाळशी शोधतो तसं.

मग त्यांनी खांद्यावरच्या गेत्झलच्या हातावर आपला हात ठेवला. "सोड रे. माझ्याकडेही आता तुझीच राहिली."

गेत्झलला मी त्या दिवशी घरी नेलं. म्हणजे रेब नोसन आणि मी, दोघांनी धरून नेलं.

रेब नोसन पुढे अडीच वर्षं जगले. इथे खिडकीपाशी बसून म्हाताऱ्यांबरोबर स्तोत्रं वाचायचे, पण बोलून. गाऊन कधी नाही. प्रवचनाला कुणी बोलावलं तर म्हणत, "घसा बसलाय." ते गेले तेव्हा युद्ध सुरू होतं आणि वोर्निशोकची माणसं रशियाभर विखुरली होती. गेत्झल मग दारोदार फिरला. ब्राउन्सव्हिलला, ब्रॉन्क्सला, जिथे आमच्या गावचा एक म्हातारा जिवंत आहे असं कळलं तिथे. "ती हाक म्हणून दाखवा," एवढंच मागायचा. लोक आनंदाने तोंड उघडत आणि दोन स्वरांवर अडखळत. कुणाच्या तोंडून पोल्का निघे, कुणी ओशाळून हसे. मलाही त्याने विचारलं होतं. मी, ज्याने ती हाक शंभरदा ऐकली! डोळे मिटले. तीन पायऱ्या वर, एक खाली, हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही आता सांगितलं. पण ते पायऱ्यांचं वर्णन झालं. चढता येत नाही.

पोटासाठी तो गाणी करत राहिला. ती चालली, न चालली, त्याला फरक पडेनासा झाला. लग्न केलं नाही. गेल्या थंडीत इस्पितळात गेला. मी उशाशी होतो. मला म्हणाला, "रेब फायवल, त्या गुरुवारी मी सांगायला हवं होतं." मी म्हणालो, "मी सांगायला हवं होतं." त्यावर आमचा वाद झाला, अगदी खरोखरचा, नर्स आत येईपर्यंत. मरणाऱ्या माणसाला वादात जिंकू द्यावं, एवढी अक्कल मला आली नाही.

रेब नोसनची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही. त्यांचं नाव या भिंतीवर कोरलं आहे, आणि त्यांच्या तिथीला दिवा मी लावतो. पण गेत्झलला मूलबाळ नाही, त्याच्या नावाने प्रार्थना म्हणणारं कुणी नाही, आणि त्या तबकडीवरही नाव आहे ते शेवाचं. मी थकलोय, माझ्यानंतर त्याचं नाव कुणी घेणार नाही. म्हणून मागतो. तुम्ही तुमच्या गेलेल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्या शेवटी हे एक जोडा: गेत्झल, शमायाचा मुलगा, वोर्निशोकचा.